एकट्या पालकाचा मुलांसह परदेश प्रवास : कागदपत्रे कोणती?

मुलाचा पासपोर्ट आहे, व्हिसाही मिळाला आहे. तरीही विमानतळावर 'मुलाचे वडील कुठे आहेत?' किंवा 'आईची संमती आहे का?' असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. पालकांच्या वादातून एकाने मुलाला परस्पर परदेशी नेऊ नये, यासाठी अनेक देशांत ही चौकशी होते. त्यामुळे मुलाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे एकट्या पालकाला कागदोपत्री दाखविता आले पाहिजे.

पासपोर्टसाठी घोषणापत्र

अठरा वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टसाठी एरवी दोन्ही पालकांची संमती घेतली जाते. मात्र, डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने नियम शिथिल केल्यानंतर अर्जात एकाच पालकाचे नाव देता येते. दुसऱ्याची संमती नसल्यास 'अ‍ॅनेक्शर सी' या नमुन्यातील घोषणापत्र साध्या कागदावर द्यावे लागते. त्यासाठी नोटरीची गरज नाही.

परिस्थितीनुसार पुरावा

पती वा पत्नीचे निधन झाले असल्यास मृत्यूचा दाखला, तर घटस्फोट झाला असल्यास न्यायालयाचा हुकूमनामा आणि मुलाच्या ताब्याचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती जवळ ठेवाव्यात. न्यायालयाच्या परवानगीविना मुलाला देशाबाहेर नेऊ नये, अशी अट काही आदेशांत असते. ती नीट वाचून, गरज असल्यास आधीच परवानगी घ्यावी. आदेश मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्यावे. अविवाहित मातेने शपथपत्र दिल्यास तिच्या मुलाचा जन्मदाखला देण्यात यावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आहे.

घटस्फोटानंतर आई माहेरचे नाव लावते आणि मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचे आडनाव असते, तेव्हा दोघांचे नाते पासपोर्टवरून चटकन लक्षात येत नाही. अशा वेळी आईचे नाव असलेला जन्मदाखला उपयोगी पडतो.

संमतीपत्र

दुसरा पालक हयात असेल आणि त्याचाही मुलावर कायदेशीर हक्क असेल, तर त्याचे संमतीपत्र घ्यावे. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाचे ठिकाण व तारखा, सोबत जाणाऱ्या पालकाचे नाव आणि संमती देणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक असावा. अमेरिका व कॅनडा येथील यंत्रणा असे पत्र जवळ बाळगण्याचा सल्ला देतात. ते इंग्रजीत लिहून नोटरीकडून साक्षांकित केलेले बरे.

नियम देशोदेशी वेगळे असतात आणि बदलतातही. दक्षिण आफ्रिकेने जून २०१५ पासून मुलांसाठी आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला सक्तीचा केला होता. २०१९ मध्ये ही अट सैल करण्यात आली. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी संबंधित दूतावास व विमान कंपनी यांच्याकडे चौकशी करावी. प्रवासात मूळ कागद हातातील बॅगेत आणि छायाप्रती दुसऱ्या सामानात ठेवाव्यात.