बोर्डी-कोसबाडची सत्तेचाळीस वर्षं

२४ डिसेंबर १९४५ रोजी डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावात ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. ताराबाईंचं वय त्रेपन्न, अनुताईंचं पस्तीस. एकीने शहरातली चालती, नावाजलेली बालमंदिरं मागे ठेवली होती, तर दुसरीने पुण्यातली नोकरी. बोर्डीला पुढे काय वाढून ठेवलंय याची दोघींनाही पुरती कल्पना नसणार. पण अनुताई तिथे गेल्या त्या गेल्याच. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांनी देह ठेवला तोवर त्यांचं घर, काम आणि माणसं याच परिसरात होती. मधली वर्षं मोजली तर जवळजवळ सत्तेचाळीस भरतात. पद्मश्री, पुस्तकं, मानसन्मान हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. मला मात्र त्यांचं हे एका जागी ठाण मांडून राहणं सर्वांत मोठं वाटतं. ज्या आदिवासींकडे शिकलेलं माणूस एरवी फक्त वसुलीला किंवा पंचनाम्याला यायचं, त्यांच्यात या दोघी राहायला गेल्या होत्या.

ताराबाईंचा पिंड प्रार्थना समाजाच्या वातावरणात घडलेला. देव मानायचा तो भजनापुरता ठेवायचा नाही, माणसाशी वागताना तो दिसला पाहिजे, ही तिथली शिकवण. १९१४ साली पदवी घेतलेली ही स्त्री संसार मोडल्यावर राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाची प्राचार्य झाली. पुढे १९२३ मध्ये ती नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेली. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचं काम तिथे चाललं होतं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. इतकं झाल्यावर कुणीही समाधानाने थांबलं असतं. ताराबाईंच्या मनात मात्र एक सल होता. ही सगळी बालमंदिरं फी भरू शकणाऱ्यांच्या मुलांची होती. गरिबाच्या, त्यातही खेड्यातल्या आणि रानातल्या मुलाला यातलं काही मिळणार की नाही? १९४५ च्या सुरुवातीला सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींच्या नयी तालीमचा विचार सात वर्षांच्या आतल्या मुलांपर्यंत खाली आणला गेला होता. काळाची हाक तीच होती. आचार्य भिसे बोर्डीत आधीपासून काम करत होते. त्यांचा आधार मिळाला आणि ताराबाईंनी जागा ठरवली.

अनुताईंची वाट अगदी वेगळी. १७ मार्च १९१० चा जन्म, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य तिथेच संपल्यात जमा व्हायचं, उरायचं ते स्वयंपाकघर आणि लोकांच्या नजरा. घरच्यांनी शिकवायचं ठरवलं म्हणून ही मुलगी वाचली. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून ती पहिली आली, नाशिक जिल्ह्यात चांदोरीला शिक्षिका झाली, मग पुण्याला हुजूरपागा शाळेत रुजू झाली. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करत १९३७ मध्ये मॅट्रिक. पुढे कस्तुरबा निधीच्या बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंची गाठ पडली. ताराबाईंनी बरोबर चला म्हटलं आणि अनुताई निघाल्या.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला या भेटीत दिसतं. ताराबाईंभोवती तेव्हा पदवीधर, इंग्रजी जाणणाऱ्या, चळवळीत वावरलेल्या कितीतरी स्त्रिया होत्या. त्यांनी साथीदार निवडली ती एक मॅट्रिक झालेली, बालशिक्षणाचा विशेष अनुभव नसलेली शाळामास्तरीण. ताराबाईंनी या बाईतली चिकाटी ओळखली आणि तिच्यावर विश्वास टाकला. अनुताईंनी तो आयुष्यभर जपला. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी बी.ए. केलं. त्या वयात पदवी हाती घेणाऱ्या बाईला नोकरीत बढती नको होती. गुरूच्या कामाला आपण पुरे पडलो पाहिजे, एवढीच त्यामागची धडपड असावी असं मला वाटतं. एका माणसाने दुसऱ्यावर ठेवलेल्या विश्वासातून काय उभं राहतं, हे पाहायला याहून चांगलं उदाहरण महाराष्ट्रात सहज सापडणार नाही.

बोर्डीचं काम सुरू झालं त्या वर्षी त्या भागात काय चाललं होतं हेही लक्षात घ्यायला हवं. मे १९४५ मध्ये झरी गावात वारली आदिवासींची मोठी परिषद झाली होती. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून फिरत होत्या. वेठबिगार बंद करा, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या दारी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्यांना सोडा, गवत कापणीला रास्त मजुरी द्या, अशा मागण्या होत्या. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. या घटनेला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा बोर्डीत बालवाडी उघडली. गोदावरीबाईंचा मार्ग लाल बावट्याचा, ताराबाई-अनुताईंचा गांधीविचाराचा. दोन्हींची तुलना करून डावं-उजवं ठरवायचा मोह अनेकांना होतो. मला तो पटत नाही. बापाची वेठ सुटल्याशिवाय पोर शाळेत येणार नव्हतं, आणि पोराच्या हाती अक्षर आल्याशिवाय सुटलेली वेठ दुसऱ्या रूपाने परत आली असती. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ ही दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचावीत, म्हणजे एकाच मातीची दोन अंगं समोर येतात.

बोर्डीत पोरं येईनात, ही पहिली अडचण. का यावीत? पाच-सहा वर्षांचं मूल म्हणजे घरातलं कामाचं माणूस. त्याने धाकटं भावंड काखोटीला मारायचं, शेळ्या वळायच्या, लाकडं वेचायची. आईबाप पहाटेच मजुरीला जात. ‘शाळा’ म्हणजे काय हे ज्यांनी कधी पाहिलं नाही, त्यांच्या दृष्टीने या पांढऱ्या साडीतल्या बाया पोरांना कुठे नेणार, कशाला नेणार याची धास्तीच जास्त. मग रोज सकाळी पाड्यावर जायचं, झोपड्यांपुढे उभं राहायचं, नावानिशी हाका मारायच्या, आलेल्या पोरांना सोबत घेऊन यायचं. पावसाळ्यात चिखल तुडवत, आणि उन्हाळ्यात पाड्यावर माणूसच नसे म्हणून हात हलवत परत.

मूल आलं की पाटी-पेन्सिल नंतर. आधी अंघोळ. पाणी तापवायचं, मुलाला दगडावर बसवायचं, केसांत गुंता झालेला असे तो तेल लावून सोडवायचा, उवा काढायच्या, नखं कापायची. खरजेने भरलेले हात कोमट पाण्याने धुऊन त्यावर औषध लावायचं. खरूज झालेलं मूल रडतं, हात आखडून घेतं, चावायलाही येतं. अशा मुलाचा हात हातात धरून ठेवायला कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजात शिकवत नाहीत. अनुताई हे वर्षानुवर्षं करत राहिल्या. ब्राह्मण घरातली विधवा बाई वारल्याच्या पोराचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन उवा काढते आहे, हे पाड्यावरच्या आया रोज पाहत होत्या. आणि त्या पाहणाऱ्या आयांनीच हळूहळू पोरं स्वतःहून पाठवायला सुरुवात केली. भाषणाने हे झालं नसतं.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. माँटेसोरी पद्धतीची लाकडी साधनं महाग, परदेशी मापाची, आणि फुटली-तुटली तर मिळायची पंचाईत. बोर्डीला समुद्र होता, मागे रान होतं. शिंपले, चिंचोके, सागरगोटे, बिया, पानं, बांबूच्या कांड्या, गोल दगड यांतून मोजणी, लहान-मोठं, जड-हलकं, रंग, क्रम हे सगळं शिकवता येऊ लागलं. यात काटकसर होतीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या वस्तू हे मूल जन्मापासून हाताळत आलं, त्याच ज्ञानाच्या वस्तू ठरल्या. आपल्या घरातलं, रानातलं काही शाळेत मानाने मांडलं जातं हे पाहून मुलाच्या मनात काय होत असेल, याचा विचार आजही आपल्या पाठ्यपुस्तक मंडळींनी करावा.

तरीही काही मुलं यायचीच नाहीत. तेव्हा ताराबाईंनी उलट विचार केला: मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीनेच मुलाच्या अंगणात जावं. पाड्यावरच्या एखाद्या झोपडीसमोरचं सारवलेलं अंगण, तिथे सेविकेने जायचं, आसपासची पोरं गोळा करायची, गाणी, गोष्टी, स्वच्छता, थोडी मोजणी, आणि दारात उभ्या असलेल्या आयांशी दोन शब्द. ही अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्या मोठ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. गुरं चरत असतील त्या माळावर शिक्षकाने जायचं. झाडाखाली धडा चालायचा, एखादी गाय शेतात शिरली की विद्यार्थी उठून तिला वळवून आणायचा आणि पुन्हा बसायचा. पुढे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. धाकट्याला सांभाळायला कुणी असलं की थोरली बहीण वर्गात बसू शकते, ही साधी गोष्ट त्यामागे होती. मुलींच्या गळतीवर आज इतकी चर्चा होते, पण हा उपाय तिथे तेव्हाच अमलात आला होता.

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, खऱ्या आदिवासी मुलखात. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. संस्थेचा जीव एका व्यक्तीत असला की ती व्यक्ती गेल्यावर संस्था कोलमडते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. कोसबाडला तसं झालं नाही, कारण दुसरी व्यक्ती या कामात अठ्ठावीस वर्षं रोज हजर होती. अनुताईंनी पुढची एकोणीस वर्षं ते ओझं वाहिलं. मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली, स्त्रियांच्या प्रश्नांवर लिहिलं, रमेश पानसे यांच्याबरोबर १९८२ मध्ये ग्राममंगल सुरू केलं. बहात्तराव्या वर्षी नवी संस्था. पुढे पद्मश्री आली.

त्यांच्या हयातीतला सर्वांत खोल परिणाम मला कोसबाडला शिकून गेलेल्या सेविकांमध्ये दिसतो. खेड्यापाड्यांतल्या, जेमतेम शिकलेल्या मुली आणि बायका तिथे प्रशिक्षणाला यायच्या. त्यांच्यात परित्यक्ता असत, विधवा असत. समोर शिकवायला उभी असलेली बाई स्वतः बालविधवा होती. तिने आपली कहाणी सांगायचीही गरज नव्हती. ती ताठ उभी आहे, रात्री उशिरापर्यंत वाचते आहे, पहाटे मुलांना अंघोळ घालते आहे, एवढं दिसलं की पुरे. कुणी शिकवून येत नाही असा धीर त्यांना तिथे मिळाला.

एका माणसाच्या श्रद्धेने काय होत नाही, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर हा मागोवा खोटा ठरेल. अनुताई गेल्या त्याच १९९२ साली, त्याच जिल्ह्यात, जव्हारकडच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावल्याची बातमी महाराष्ट्रभर गाजली. सत्तेचाळीस वर्षं चाललेल्या त्या कामापासून ती गावं फार लांब नव्हती. रोजगार, रस्ता, दवाखाना, रेशन ही कामं सरकारची, ती कोणत्याही टेकडीवरच्या ताईने करून भागत नाहीत. तिच्या निष्ठेचं कौतुक करून सरकारने आणि आपण हात झटकायचे, ही सवय घातक आहे.

हीच सवय अंगणवाडीच्या बाबतीत दिसते. अंगणवाडी आता घराघरात माहीत आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि बोर्डीच्या पाड्यांवर तीस वर्षांपूर्वीपासून जे चाललं होतं ते देशभर पसरलं. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. सहा वर्षांखालच्या मुलाचं वजन, त्याचा आहार, लसीकरण, गरोदर बाईची नोंद, बालशिक्षण हे सगळं तिथली सेविका पाहते. तरी तिला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारीच्या अखेरपर्यंत अंगणवाड्या बंद राहिल्या. तेव्हा त्यांना ‘सेवाभाव कुठे गेला’ असं विचारणाऱ्यांचा मला राग आला होता. अजूनही येतो. अनुताईंचा सेवाभाव त्यांनी स्वतः निवडलेला होता. तो दुसऱ्या बाईवर कमी पैशात लादण्याचा अधिकार कुणालाही नाही.

वाचकांना विनंती एवढीच. आपल्या गावातली किंवा वॉर्डातली अंगणवाडी एकदा सकाळच्या वेळी जाऊन बघा. छत गळतं का, पाणी आहे का, वजनकाटा चालतो का, सेविकेचं मानधन किती महिने थकलंय, हे तिलाच विचारा. आणि जे कळेल ते पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरसेवकाच्या दारात, तिचं नाव मध्ये न आणता, आपल्या नावाने मांडा.