वादळात नाव लोटणारी माणसे

माळव्यात चार-पाच पिढ्या काढलेल्या आम्हा मराठी मंडळींची समुद्राशी ओळख तशी बेताचीच. मुंबईस गेलो की चौपाटी, कोकणात कुणाचे लग्न निघाले तर किनाऱ्यावरची एखादी संध्याकाळ. एवढ्यावर ती संपते. समुद्रात संकटात सापडलेल्यांना सोडविणे हे काम सरकारचे, नौदलाचे किंवा तटरक्षक दलाचे, अशी आपली सरळ समजूत असते. परंतु ज्या ब्रिटनच्या आरमाराचा एके काळी साऱ्या जगाला दरारा होता, त्या देशात हे काम दोनशे वर्षे मुख्यत्वे गावोगावची साधी माणसे करीत आली आहेत, बहुतेक विनावेतन, आणि त्याचा खर्च बव्हंशी लोकांच्या देणग्यांवर चालतो, हे कळल्यावर आम्हांस आश्चर्य वाटल्यावाचून राहिले नाही.

या संस्थेचे नाव 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन'. तिचे जनक सर विल्यम हिलरी हे मॅन बेटावरील डग्लस गावी राहात. गावापुढच्या उपसागरात जहाजे फुटत आणि माणसे बुडत, हे पाहून त्यांनी १८२३ मध्ये एक आवाहनपत्रिका छापून देशापुढे ठेवली. पुढल्या वर्षी, ४ मार्च १८२४ रोजी, लंडन येथे सभा भरून संस्थेची स्थापना झाली. पत्रके काढून स्वस्थ बसणाऱ्यांपैकी मात्र हे गृहस्थ नव्हते. १८३० मध्ये डग्लसच्या खडकावर एक टपालबोट आदळली तेव्हा साठीला टेकलेले हिलरी स्वतः बचावनौकेत होते. लाटेने त्यांना बाहेर फेकले, बरगड्या मोडल्या. पण बोटीवरील सारे खलाशी वाचले. पुढे १८३२ मध्ये त्याच खडकावर त्यांच्या पुढाकाराने एक मनोरा उभा राहिला. फुटलेल्या जहाजावरील माणसांना मदत पोहोचेपर्यंत तेथे आसरा मिळावा, हा हेतू. तो मनोरा आजही आहे.

त्या काळच्या नावा वल्ह्यांच्या. त्या पाण्यात लोटायच्या म्हणजे सारे गाव लागे. या बाबतीत डेव्हन परगण्यातील लिनमथ गावाची हकिगत आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. १२ जानेवारी १८९९ च्या संध्याकाळी 'फॉरेस्ट हॉल' हे शिडाचे जहाज किनाऱ्याकडे वाहात येत असल्याची तार आली. वादळ असे की लिनमथच्या धक्क्यावरून नाव लोटणेच अशक्य. तेव्हा तांडेलाने ठरविले, नाव जमिनीवरून ओढत पोरलॉकला न्यायची आणि तेथून समुद्रात घालायची! अंतर तेरा मैल, म्हणजे एकवीस किलोमीटर. मध्ये उभी टेकडी, रात्र, पाऊस. गाड्यासह नावेचे वजन दहा टनांच्या घरात. सुमारे शंभर माणसे आणि वीसएक घोडे यांनी ती चढ चढविली. टेकडी ओलांडल्यावर बरेचसे लोक थकून परतले. उरलेल्या मूठभरांनी काम पुढे रेटले. वाट इतकी अरुंद झाली की गाडा मार्गी लागेना, तेव्हा नाव खाली घेऊन लाकडी ओंडक्यांवरून सरकवली. पोरलॉकच्या गल्लीत एका घराची भिंत आड आली, तीही पाडली. पहाटे साडेसहाच्या सुमारास नाव पाण्यात गेली. रात्रभर गाडा ओढलेली तीच माणसे मग वल्ही मारीत जहाजापाशी पोहोचली. जहाजावरील अठराही जण वाचले.

प्रत्येक वेळी असे घडत नसे. १८८६ च्या डिसेंबरात 'मेक्सिको' नावाच्या जहाजाला वाचवायला निघालेल्या तीन नावांपैकी दोन उलटल्या आणि २७ स्वयंसेवक बुडाले. मागे राहिलेल्या विधवा व पोरक्या मुलांसाठी निधी गोळा करताना, हा खर्च मूठभर श्रीमंतांवर न सोपविता सामान्य माणसाकडे जावे, हा विचार बळावला. त्यातून १८९१ मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर डबे घेऊन वर्गणी गोळा करण्यात आली. आज आपल्या रस्त्यांवरही असे डबे खुळखुळतात; त्यांच्या आद्य पूर्वजांत याची गणना होते.

संस्थेची आज ब्रिटन व आयर्लंड मिळून सुमारे २४० ठाणी आहेत. (आयर्लंड स्वतंत्र झाला, राज्ये वेगळी झाली, पण बचावनौका एकाच संस्थेच्या राहिल्या, फाळणी भोगलेल्या आपणांस याचे अप्रूप वाटावे.) २०२४ मध्ये द्विशताब्दी झाली तोवर वाचविलेल्यांची संख्या १ लाख ४४ हजारांवर गेली होती. नावेवर जाणाऱ्यांत शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, नळकाम करणारे आहेत. दहांतल्या नऊ जणांचा पोटाचा धंदा समुद्राशी संबंधित नसतो. खिशातले यंत्र वाजले की हातातले काम टाकून धावायचे. हॉलंडमध्येही १८२४ पासून आणि जर्मनीत १८६५ पासून अशा संस्था आहेत. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरही स्वयंसेवकच जातात.

आपल्याकडे अशी संस्था उभी राहिली नाही, पण माणसे होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी गेले. तेव्हा मचव्यांतून आलेल्या रेवसच्या कोळ्यांनी जमतील तितक्यांना वर ओढून घेतले. त्यांना कोणी पाठविले नव्हते.

कॉर्नवॉलमधील माउझल या कोळ्यांच्या गावाची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री 'युनियन स्टार' या मालवाहू बोटीचे इंजिन बंद पडले. बोटीवर आठ जण. त्यांत कप्तानाची पत्नी व तिच्या दोन मुली. लाटा साठ फुटांपर्यंत उसळत होत्या. हेलिकॉप्टरलाही त्यांना उचलता येईना. बचावनौकेचा तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्स याने माणसे निवडताना एका सतरा वर्षांच्या मुलाला परत पाठविले. त्याचा बाप नावेवर होताच, आणि अशा रात्री एका घरातले दोघे न्यायचे नाहीत, असे त्याने सांगितले. चौघांना वाचविल्याचा निरोप नावेवरून आला आणि मग आवाज बंद झाला. दोन्ही बोटींवरील सोळाही जण गेले.

दुसऱ्या दिवस उलटतो न उलटतो तोच नव्या नावेसाठी पुरेसे स्वयंसेवक त्या एवढ्याशा गावातून पुढे आले होते. घरी परत पाठविलेला तो मुलगा पुढे तेथील बचावनौकेचा तांडेल झाला. माउझल येथे नाताळात बंदरावर दिव्यांची मोठी आरास असते. दर १९ डिसेंबरला रात्री आठ वाजता ती तासभर मालवून ठेवतात.