बोटांना कळेल असा जिल्हा

पिंपळगाव राजा खामगावच्या पश्चिमेला आणि नांदुऱ्याच्या दक्षिणेला. भिंतीवरच्या नकाशात आपल्याला हे एका नजरेत दिसतं. ज्या मुलाला दिसत नाही, त्याच्याकडून मात्र दिशा पाठ करून घेतल्या जातात. पाठांतराने पेपर सुटतो, आपलं गाव कुठे आहे ते उमगत नाही. त्यासाठी हाताने वाचायचा नकाशा हवा, आणि तो गावातच तयार करता येतो.

एक मोठा पुठ्ठा घ्या. वरच्या कडेला सातपुडा म्हणून खरखरीत पॉलिश पेपर चिकटवा. त्याखाली पूर्णा नदी, तिला लोकरीचा धागा. तिच्या दक्षिणेला मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी जाणारी रेल्वे; तिला गाठी मारलेली सुतळी. त्याखाली पिंपळगावचा चिंचोका, शेजारी खामगावचं बटण. खाली अजिंठ्याच्या डोंगररांगा. बस्स, इथे थांबा.

थांबणंच अवघड असतं. डोळस माणसाला जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांच्या सीमा, रस्ते, धरणं सगळं एकाच पुठ्ठ्यावर हवं असतं. डोळा नको ते वगळून बघतो. बोटाला तसं जमत नाही. त्याच्याखाली जेवढं येतं तेवढंच त्याला कळतं, आणि तुकडे मनात जोडावे लागतात. दोन धागे अगदी जवळ आले की बोटाला ते एकच वाटतात. ब्रेलचे ठिपकेसुद्धा एकमेकांपासून सुमारे अडीच मिलिमीटरवर असतात, ते याचसाठी. म्हणून सीमांचा पुठ्ठा वेगळा करावा, रस्त्यांचा वेगळा.

लोणारचं सरोवर शिकवताना बरेच जण मुलाच्या हातात वाटी देतात. पण विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे दीडशे मीटर, म्हणजे रुंदी खोलीच्या बारा पट. वाटीने मनात विहीर तयार होते. घरातली पसरट परात द्या, काठावरून आत हात फिरवू द्या. चुकीचं चित्र डोळस मुलाला फोटो बघून दुरुस्त करता येतं. या मुलाला आपण हातात दिलेली वस्तू हाच फोटो.

हाताने वाचायच्या नकाशाची कल्पना जुनी आहे. बोस्टनमध्ये सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी १८३७ मध्ये अमेरिकेचा उठावाचा नकाशासंग्रह छापला. आपल्याकडे स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. मजकूर बोटांपर्यंत पोचला. खेड्यातल्या शाळेत नकाशाही पोचायला हवा.

स्पर्शाची मदत फक्त शाळेतल्या मुलालाच लागते असं नाही. काचबिंदूने किंवा मधुमेहाने उतारवयात नजर गेलेल्या आजीला ब्रेल येत नाही. तिच्यासाठी मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन. पाचशेच्या नोटेच्या कडांना पाच-पाच उठावाच्या रेघा असतात, शंभराच्या नोटेला चार-चार; नोट मळली, झिजली की त्या बसून जातात. म्हणून तिला नव्या नोटा द्याव्यात, एवढं तर घरच्यांना सहज जमतं.

आता परत आपल्या नकाशाकडे. पुठ्ठा वाळला की मुलाचं डावं बोट चिंचोक्यावर ठेवा आणि ते हलू देऊ नका. उजवा हात त्याला मोकळा सोडा. वर जाता जाता सुतळीची गाठ लागते, नांदुरा. परत खाली येऊन उजवीकडे सरकला की बटण. मग तो पुन्हा वर जाईल, सुतळी धरून गाठी मोजत, शेगावपर्यंत.