शेतात झोपलेला ऊस पडद्यावर उभा!



२०२४-२५ च्या गळीत हंगामात आमच्या शेतकी खात्याच्या हातून एक चूक घडली. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिचे मूळ आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे आणि उद्या ती कोणाच्याही बाबतीत घडू शकते. म्हणून या अंकात खत-पाण्याचा विषय जरा बाजूला ठेवून फोटोविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

घडले ते असे. वाऱ्या-पावसाने पडलेल्या उसाला तोडणीत अग्रक्रम द्यावयाचा, हा आपला रिवाज. पडलेल्या उसात उंदीर शिरतो, जमिनीला टेकलेल्या कांड्यांना मुळ्या सुटतात, पांगशा फुटतात. वजन आणि उतारा दोन्ही घटतात. अशा उसाचा फोटो सभासदांनी कारखान्याच्या वेबसाइटवरील अर्जात चढवायचा व तो पाहून आम्ही टोळीचा क्रम लावायचा, अशी सोय केली होती. आमचे एक जुने सभासद आहेत, त्यांना आम्ही तात्याच म्हणतो. त्यांनी नातीकडून फोटो काढवून अर्ज भरला. आम्ही ऑफिसात बसून तो पाहिला. पडद्यावर ऊस ताठ उभा! आम्ही शेरा मारला, ‘ऊस उभा आहे, क्रमवारीप्रमाणे तोड मिळेल.’

अठरा दिवसांनी तात्या नातीला घेऊन ऑफिसात आले.

“साहेब, माझा ऊस रानात झोपलाय, अन् तुमच्या कागदावर उभा कसा?”

आम्ही म्हणालो, “तात्या, फोटो तुम्हीच पाठवलाय. हा बघा.”

तात्यांनी फोटो पाहिला, मान खांद्याकडे कलती केली आणि म्हणाले, “साहेब, अशी मान वाकडी करून बघा की जरा.”

आम्ही मान वाकडी केली आणि ओशाळलो. फोटो आडवा झालेला होता. फोटोत निव्वळ ऊसच ऊस, आभाळ नाही की बांध नाही; त्यामुळे आडवा पडलेला ऊस आम्हाला उभा दिसला. नातीने मोबाईल काढून दाखवला, तर त्यात तोच फोटो अगदी सरळ! त्याच दिवशी आम्ही रानात गेलो. कांड्यांना मुळ्या सुटल्या होत्या, उंदरांनी ऊस कोरला होता. टोळी लगेच दिली, पण काट्यावर जे वजन गेले ते काही परत येत नाही.

आता हा फोटो मोबाईलमध्ये सरळ आणि पडद्यावर आडवा का, ते आम्ही आपल्या संगणक विभागाकडून समजून घेतले. सभासदांना कळेल अशा भाषेत सांगतो.

मोबाईलच्या आत प्रकाश टिपणारी जी पट्टी असते, ती एकाच बाजूने पक्की बसवलेली असते. तुम्ही मोबाईल उभा धरा वा आडवा धरा, ती आपल्याच दिशेने चित्र टिपते. मग मोबाईल काय करतो? चित्र न फिरवता त्याच्याबरोबर एक चिठ्ठी जोडतो. आपल्या ट्रॉलीबरोबर स्लिप येते ना, तशीच ही. या चिठ्ठीला ‘एक्झिफ’ म्हणतात. तिचा नमुना १९९५ साली जपानमध्ये ठरला. तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती आणि परवानगी दिली असल्यास ठिकाणसुद्धा तिच्यात असते. दिशेसाठी १ ते ८ पर्यंत आकडे आहेत. १ म्हणजे आहे तसे दाखवा. ३ म्हणजे उलटे करा. ६ म्हणजे उजवीकडे पाव फेरा द्या. ८ म्हणजे डावीकडे पाव फेरा द्या. राहिलेले चार आकडे आरशातल्यासारख्या उलट्या चित्रांचे, ते क्वचितच लागतात.

मोबाईलची गॅलरी ही चिठ्ठी वाचते, म्हणून तिथे फोटो सरळ दिसतो. वेबसाइट दाखवणारे ब्राउझर पूर्वी ती सर्रास वाचत नसत. क्रोम व फायरफॉक्स हे दोन्ही २०२० सालापासून आपण होऊन ती वाचू लागले. मग आमच्याकडे घोटाळा का व्हावा? कारण अर्जात आलेला मोठा फोटो आमचा संगणक लहान करून ठेवत होता, आणि लहान प्रत करताना चिठ्ठी गळून पडत होती. ट्रॉलीची स्लिप वाटेत पडली की ऊस जागेवर असतो, पण तो कोणाचा ते काट्यावर कळत नाही. तसेच हे. याच्या उलटही घडते. संगणक चित्र फिरवून ठेवतो, पण चिठ्ठीवरचा ६ तसाच राहतो. मग पाहणारा पुन्हा फिरवतो आणि सरळ झालेला फोटो परत आडवा. एका स्लिपवर दोनदा वजन केल्यासारखे झाले!

आणखी एक गंमत ध्यानात घ्यावी. मोबाईल उभा की आडवा, हे तो खालच्या बाजूला असलेल्या जमिनीच्या ओढीवरून ओळखतो. टेबलावर सातबारा ठेवून किंवा सरीत वाकून बुडख्याचा फोटो काढताना मोबाईल जमिनीशी समांतर होतो. तेव्हा त्याला दिशाच कळत नाही आणि चिठ्ठीवर चुकीचा आकडा पडतो. कागदांचे फोटो जास्त वेळा आडवे होतात, त्याचे हे कारण.

सभासदांनी पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी :

१) फोटो काढण्यापूर्वी मोबाईल डोळ्यासमोर क्षणभर सरळ धरावा, पडद्यावरील खुणा फिरल्या का ते पाहावे, मग बटण दाबावे. कागदाचा फोटो काढताना कागद भिंतीला वा पाटीला टेकवून उभा करावा.

२) उसाच्या फोटोत वरच्या बाजूला आभाळाची एक पट्टी येऊ द्यावी, किंवा शेजारी घरातले कोणी उभे करावे. मग फोटो कसाही फिरला तरी वर-खाली कळते.

३) फोटो चढवल्यावर अर्जात तो कसा दिसतो ते पाहावे. गॅलरीत सरळ दिसतो यावर विसंबू नये.

४) आडवा दिसल्यास गॅलरीत ‘संपादन’ मध्ये जाऊन फोटोची कड किंचित कापावी, म्हणजे क्रॉप करावी, व जतन करून तो पुन्हा चढवावा. असे केल्याने बहुतेक मोबाईलमध्ये चित्र नव्याने, सरळ लिहिले जाते. नुसते ‘फिरवा’ दाबले तर काही मोबाईल फक्त चिठ्ठीवरचा आकडा बदलतात. त्याने काम होत नाही.

५) तरीही न जमल्यास फोटो पडद्यावर उघडून स्क्रीनशॉट घ्यावा. तो हमखास सरळ येतो. मात्र त्यात मूळ फोटोची वेळ व ठिकाण राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतूनही ही माहिती जाते. नुकसानीच्या कामात ठिकाण लागते, म्हणून मूळ फोटो कधीही पुसू नये.

६) पडद्यावर सरळ दिसावा म्हणून मोबाईलमधला चांगला फोटो मुद्दाम आडवा करून चढवू नये. आज जमेल, पण जिथे चिठ्ठी नीट वाचतात तिथे तोच फोटो वाकडा दिसेल.

आमच्या बाजूनेही दुरुस्ती केली आहे. आता फोटो आला की संगणक प्रथम चिठ्ठी वाचतो, त्याप्रमाणे चित्रच फिरवतो, चिठ्ठीवर १ लिहितो आणि मगच लहान प्रत करतो. मूळ फोटोही जपून ठेवतो. सभासदांची बरीच मुले-मुली संगणकाच्या नोकरीत आहेत. त्यांनीही आपापल्या कामात हाच क्रम ठेवावा.

पण खरी दुरुस्ती संगणकाची नव्हे, आमची होती. ऑफिसात बसून पडद्यावर ऊस पाहणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. त्यामुळे शेतकी खात्याने आता असे ठरवले आहे, की फोटो पाहून पाहणी लवकर लावायची, पण फोटो पाहून कोणालाही नकार द्यायचा नाही. नकार द्यायचाच असेल तर आमच्या माणसाने बांधावर जाऊन, ऊस डोळ्यांनी बघून द्यायचा.

तात्यांची आम्ही घरी जाऊन माफी मागितली. तात्या चहा देत म्हणाले, “साहेब, फोटो आडवा झाला तर होऊ द्या. माणूस सरळ पाहिजे.” त्यांच्या नातीने यंदा आपल्या खोडव्याचे फोटो पाठवले आहेत. प्रत्येकात वर आभाळाची पट्टी आहे, आणि एकात तात्या हात कमरेवर ठेवून ताठ उभे आहेत. सर्व सभासदांनी असेच फोटो पाठवावेत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी