पुळणीबद्दलचा अर्ज कुणाकडे द्यायचा?

जबलपूरहून दिंडोरीच्या रस्त्याने निघालं की वाटेत कुंडम लागतं. गोंडवस्तीचा हा तालुका, आणि हिरन नदीचा उगमही याच भागातला. इथल्या कुठल्याही गावात ज्याचं नाव मतदारयादीत आहे, तो आपोआप ग्रामसभेचा सदस्य असतो. त्याला अर्ज करावा लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही, निवडूनही यावं लागत नाही. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्याला ही जागा दिली, आणि त्या दुरुस्तीनंतरच्या पंचायत निवडणुका देशात सर्वांत आधी, १९९४ मध्ये, मध्य प्रदेशाने घेतल्या. सभा वेळेवर भरते का, ठराव आधीच लिहून आणलेला असतो का, हे वेगळे प्रश्न. पण बंद हातपंपाबद्दल सरपंचाला चारचौघांत विचारण्याची हक्काची जागा कुंडमच्या माणसाला आहे.

जुहूला समुद्रासमोर कोट्यवधींच्या फ्लॅटात राहणाऱ्याला ती नाही. शहरांसाठी त्याच वर्षी ७४ वी दुरुस्ती आली, तिने प्रभाग समित्या दिल्या, पण मतदारांची सभा दिली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यांत ‘क्षेत्रसभे’ची तरतूद केली. तिला नगरराज असं भारदस्त नावही मिळालं. केंद्राचा नागरी पुनर्निर्माणाचा निधी हवा तर असा कायदा करा, अशी अट होती म्हणून तो झाला. अट पुरी झाली आणि क्षेत्रसभा कागदावरच राहिली. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर रहिवाशांच्या ज्या संघटना, समित्या, ट्रस्ट दिसतात, त्या सगळ्या न भरलेल्या ग्रामसभेची जागा आपापल्या परीने भरून काढत असतात. त्यांचं काम चालतं कसं, हे एकदा नीट पाहू.

सुरुवात गृहनिर्माण सोसायटीपासून. ती १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, तिच्याकडे कमिटी, सचिव, शिक्का सगळं असतं. पण तिचा अधिकार कंपाउंडच्या भिंतीपाशी संपतो. भिंतीपलीकडचा फूटपाथ, गटार आणि पुळण यांबद्दल बोलायचं तर पाच-दहा सोसायट्यांनी एकत्र यायला लागतं. त्याची मुंबईतली रूढ वाट म्हणजे ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’, बोलीत एएलएम. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९६-९७ च्या सुमारास रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करायला आणि गल्ली स्वच्छ ठेवायला सुरुवात केली. महापालिकेला ती पद्धत पसंत पडली आणि तिने ती शहरभर राबवायला घेतली. एका गल्लीतल्या किंवा दोन-तीन गल्ल्यांतल्या सोसायट्या मिळून विभाग कार्यालयात नाव नोंदवतात, महापालिका एक संपर्क अधिकारी नेमते, आणि सहायक आयुक्तांबरोबर ठरावीक मुदतीने बैठक व्हावी असं अपेक्षित असतं. काही विभागांत ती नेमाने होते, काहींत ती व्हावी यासाठीच पत्रं लिहावी लागतात.

या व्यवस्थेचा कल मात्र फ्लॅटवाल्यांकडे आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. झोपडवस्त्यांसाठी महापालिकेने दत्तक वस्ती योजना काढली, पुढे तिचं नाव स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान झालं. कोळीवाडे या दोन्हींच्या कडेला राहिले. पण त्यांच्याकडे मच्छीमार सहकारी सोसायट्या आहेत, जमात आहे, पाटील आहेत. संघटना म्हणून त्या बहुतेक एएलएमपेक्षा जुन्या आणि भक्कम आहेत. सभेची हाळी दिली की वेसाव्यात, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, जेवढी माणसं जमतात, तेवढी शेजारच्या कुठल्याही टॉवरच्या सर्वसाधारण सभेला जमत नाहीत.

आता मुख्य अडचण. किनाऱ्यावरच्या वस्तीचं दुखणं आतल्या वस्तीपेक्षा वेगळं असतं, कारण शंभर पावलांत मालक चारदा बदलतो. रस्ता आणि गटार महापालिकेचं. पुळणीची जमीन सरकारी, म्हणजे उपनगर जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. मात्र तिची रोजची झाडलोट महापालिकेच्या घनकचरा खात्याकडे. जेटी असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळ. होड्या, जाळी, डिझेलचा परतावा हा विषय मत्स्यव्यवसाय विभागाचा. खाडीच्या तोंडाशी तिवरं असली तर वनखात्याचा कांदळवन कक्ष, जो २०१२ मध्ये स्थापन झाला. भरतीरेषेजवळ कुणी बांधकाम काढलं तर प्रश्न सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. म्हणून किनाऱ्यावरच्या संघटनेतला अनुभवी माणूस तक्रार लिहिण्याआधी विचारतो, “नक्की कुठं? भिंतीच्या अलीकडे की पलीकडे?” पुळणीवर टाकलेल्या डेब्रिसची तक्रार रस्ते खात्याकडे गेली, तर ती ‘आमच्या अखत्यारीत येत नाही’ हा शेरा घेऊन महिन्याने परत येते. तो महिना वाचवणं हे संघटनेचं अर्धं काम.

एक तक्रार जवळून पाहू. समजा, पावसाळ्यात समुद्रालगतच्या एका गल्लीत गुडघाभर पाणी साचतं. रहिवासी म्हणतात, गटार तुंबलंय. तसं असेलही, पण किनाऱ्यावर कारण अनेकदा समुद्रच असतो. मुंबईचं पावसाचं पाणी ज्या तोंडांतून समुद्रात किंवा खाडीत पडतं, अशी १८६ पातमुखं मोजली गेली आहेत. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्या वर राहणारी फक्त ६. म्हणजे भरतीच्या वेळी बहुतेक तोंडांतून पाणी बाहेर जायच्या ऐवजी समुद्र आत यायला बघतो. यावर उपाय उदंचन केंद्राचा. भरतीला दरवाजे बंद करायचे, मागे साठलेलं पावसाचं पाणी पंपाने उचलून समुद्रात टाकायचं, ओहोटी लागली की दरवाजे पुन्हा उघडायचे. अशी केंद्रं बांधायची योजना मुंबईच्या पर्जन्य जलनिस्सारणावरच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात होती. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत ती बरीचशी कपाटात होती. हाजी अली आणि जुहूजवळचं इर्ला ही पहिली दोन केंद्रं २०११ मध्ये चालू झाली.

हे ठाऊक असलेली संघटना अर्ज वेगळा लिहिते. ‘आमच्या गल्लीत पाणी भरतं, कृपया लक्ष घालावे’ एवढ्यावर थांबत नाही. कुठल्या तारखेला, किती वाजता पाणी चढलं, त्या दिवशी भरती किती वाजता होती, पाणी उतरायला किती वेळ लागला, जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक काय, चेंबरचं झाकण कुठल्या दुकानासमोर आहे, हे सगळं लिहिते. भरतीचं वेळापत्रक काही गुपित नाही. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या उधाणाचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. पाणी भरतीबरोबर चढलं आणि ओहोटीबरोबर उतरलं तर दोष पातमुखाच्या दाराचा किंवा पंपाचा. ओहोटीतही उतरलं नाही तर गाळाचा. पहिला अर्ज पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे जातो, दुसरा विभाग कार्यालयाच्या परिरक्षण शाखेकडे. इंजिनिअर माणूस असा अर्ज बाजूला ठेवू शकत नाही, कारण त्यातलं निदान त्याला खोडून तरी काढावं लागतं.

अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक आवक-जावक खिडकीवर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. फोनवरून १९१६ वर केलेल्या तक्रारीलाही क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवायचा. हे कुणाला बाळबोध वाटेल. पण अधिकारी बदलून जातात, संघटनेचे पदाधिकारीही बदलतात, आणि दोन वर्षांनी टेबलावर उरतो तो हा क्रमांकच. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, तोही दीडशे शब्दांत, आणि तीस दिवसांची मुदत. इथं ‘काम का झालं नाही’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण ‘का’ ही माहिती होत नाही. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कुणी, कोणत्या तारखेला, काय शेरा मारला त्याची प्रत द्या, असं मागायचं. त्याखेरीज महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रार थेट अधिकाऱ्यांपुढे मांडायचा लोकशाही दिन असतो, पण त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि तेवढ्यासाठीच तो पुष्कळांचा हुकतो.

वेळेचं भानही ठेवावं लागतं. नालेसफाईची मुदत मेअखेरची. जूनमध्ये गाळाचं पत्र देणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवात जाणं. महापालिकेचा अर्थसंकल्प आयुक्त फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडतात. नवं गटार, पुळणीवरचं शौचालय, नवे दिवे असं पैसे लागणारं काम हवं असेल तर त्याचं पत्र दिवाळीच्या आगेमागे विभाग कार्यालयात पोचलेलं असावं.

वर्सोव्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तिची एक बाजू कमी सांगितली जाते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोझ शाह या वकिलाने आपल्या एका वृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन पुळणीवरचा कचरा उचलायला सुरुवात केली. दर शनिवार-रविवारी माणसं वाढत गेली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ सन्मान मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. पण मध्येच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, ही मोहीम थांबवल्याचं शाह यांनी जाहीर केलं. कारणं दोन: गुंडगिरीचा त्रास, आणि गोळा केलेला कचरा उचलला न जाणं. मोहीम काही दिवसांनी पुन्हा चालू झाली. माझ्या मते त्या खंडातून जास्त शिकण्यासारखं आहे. स्वयंसेवक कचऱ्याचा ढीग करू शकतात. तो ढीग नेणारा डंपर महापालिकेचाच लागतो. म्हणून हौशी सफाई मोहीम आखणाऱ्याने टी-शर्ट छापण्याआधी घनकचरा खात्याकडून गाडीची वेळ लेखी घ्यावी.

अर्ज आणि बैठका पुरत नाहीत असाही टप्पा येतो. वरळी कोळीवाड्याचं उदाहरण मला या साऱ्यात सर्वांत बोलकं वाटतं. किनारी रस्त्याला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडणाऱ्या पुलाचे खांब क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या वाटेतच येणार होते. आराखड्यात दोन खांबांतलं अंतर साठ मीटर. कागदावर होडीच्या रुंदीच्या मानाने ते ऐसपैस दिसतं. नाखवांचं म्हणणं असं की पावसाळी वाऱ्यात आणि ओढ असलेल्या पाण्यात होडी सरळ रेषेत जात नाही, ती आडवी सरकते; समोरून दुसरी होडी आली तर खांबावर आपटायची. वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी इतर संस्थांबरोबर उच्च न्यायालयात गेली. १६ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने प्रकल्पाची किनारा परवानगी रद्द केली, १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा चालू झालं. कोर्टातली बाजी गेली तरी खांबांचा हट्ट नाखवांनी सोडला नाही. मासेमारांनी होड्या आडव्या घालून त्या भागातलं काम रोखलं. मागणी दोनशे मीटरची होती. अखेर एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं, ते २०२२ संपता संपता. सोसायटीपाशी नकाशा काढणारा सल्लागार होता की नाही यापेक्षा, तिच्या सभासदांना त्या पाण्याची रोजची ओळख होती आणि ती त्यांनी मीटरमध्ये सांगितली, हे मोलाचं ठरलं.

राहता राहिला नगरसेवक. २००७ च्या निवडणुकीत जुहूच्या प्रभाग ६३ मधून अॅडॉल्फ डिसोझा हे पक्षाशिवाय, नागरिकांनी निवडलेले उमेदवार म्हणून निवडून आले. रहिवासी संघटनांनी आधी आपसांत उमेदवार ठरवला आणि मग निवडणूक लढवली. हा प्रयोग गाजला खूप, पण त्याची लाट काही आली नाही. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं मुंबईला नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात संघटनांना थेट सहायक आयुक्तांशी बोलायची सवय लागली. काहींना ते सोयीचंही वाटलं. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं आणि २२७ नगरसेवक परत आले.

त्यांच्याबरोबर प्रभाग समित्याही येतात, आणि तिथं एक फट आहे जी फार कमी संघटना वापरतात. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातल्या कलम ५०-टीटी नुसार प्रत्येक प्रभाग समितीवर त्या भागातल्या बिगरसरकारी किंवा वस्ती-पातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. त्यांना नामनिर्देशित करतात ते त्या समितीतले नगरसेवकच, त्यामुळे जागा बहुधा जवळच्या माणसाला जाते. तरीही ज्या संघटनेची रीतसर नोंदणी आहे, हिशेब तपासलेले आहेत आणि आवक क्रमांकांची वही भरलेली आहे, तिने आपलं नाव लेखी सुचवावं. प्रत सहायक आयुक्तांना द्यावी, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यावा.