चिमूटभर कार्बन आणि प्लॅस्टिकमधून वीज!

जुना टीव्ही रिमोट उघडून पाहा. बटणांखाली रबराच्या काळ्या टिकल्या दिसतील. रबर वीज अडवतं हे शाळेतच कळलेलं असतं, पण या टिकल्या चक्क सर्किट जोडतात! कारण त्यांच्यात कार्बन भरलेला असतो.

खरी धमाल पुढे आहे. प्लॅस्टिकमध्ये कार्बन थोडा थोडा वाढवत नेला, तर वाहकता थोडी थोडी वाढत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग एक-दोन टक्क्यांच्या फरकात ती लाखो पटींनी उसळी घेते. कणांची साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग झाली, की वीज धावली! कण एकमेकांना चिकटायलाही नकोत. एखाद-दोन नॅनोमीटरची फट इलेक्ट्रॉन सहज ओलांडतात. असा रस्ता नेमका कधी खुला होतो, याचं गणित सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमर्सली यांनी 1957 मध्ये मांडलं. त्याचं मूळही कार्बनमध्येच आहे: ब्रॉडबेंट गॅस मास्कमधल्या कार्बनच्या गाळणीवर काम करत होते.

साधी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, बऱ्याचदा 15-20 टक्के घालावी लागते. केसाहून हजारो पट बारीक आणि लांबलचक कार्बन नळ्या, म्हणजे नॅनोट्यूब, घातल्या तर मात्र 1 टक्क्याच्या आतही काम भागतं.

मग कार्बन ओतत सुटायचं का? मुळीच नाही. माल ठिसूळ होतो आणि वितळलेला लगदा साच्यात नीट भरत नाही. त्यापेक्षा एकमेकांत न मिसळणारी दोन प्लॅस्टिकं घ्यावीत. जोडी नीट निवडली, तर कार्बन त्यांतल्या एकातच किंवा दोघांच्या सीमेवर गोळा होतो आणि थोडक्यात रस्ता तयार! मला ही युक्ती सगळ्यांत देखणी वाटते. आणि हो, मिश्रण फार घुसळू नये. कार्बनचे तंतू तुटतात, वाहकता घसरते.

काजळी भरलेलं पॉलिएथिलीन तापून वितळू लागलं, की फुगतं. साखळ्या तुटतात, रोध हजारो पटींनी वाढतो आणि वीजप्रवाह जवळजवळ थांबतो. थंड झालं की पुन्हा सुरू. न बदलता पुन्हा पुन्हा वापरता येणारे फ्यूज याच तत्त्वावर चालतात.

आता टायर. इंधन वाचावं म्हणून टायरच्या रबरात काजळीच्या जागी सिलिका आली आणि गाडीवर साचलेला विद्युतभार जमिनीत उतरेना. म्हणून अशा अनेक टायरांच्या रस्त्याला टेकणाऱ्या थरातून काजळीयुक्त रबराची एक बारीक पट्टी आरपार नेलेली असते.