लुआंग प्रबांगला जाण्याआधी

उत्तर लाओसच्या डोंगरांत, मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावर लुआंग प्रबांग वसले आहे. दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवरचे जुने गाव अर्ध्या तासात पायी पार करता येते. तेवढ्यात तीसहून अधिक बौद्ध विहार, कौलारू घरे आणि मधोमध फूसी टेकडी आहे. 1995 साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

थायलंड आणि व्हिएतनाम पाहून झालेले मराठी प्रवासी आता इकडे वळू लागले आहेत. परतल्यावर त्यांचे अनुभव मात्र दोन टोकांचे असतात. कुणी सांगतो की तिथे पाहण्यासारखे फारसे नाही, तर कुणी ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त राहून येतो. शहर तेच असते. फरक पडतो तो जाताना मनात काय धरून गेलो याचा. म्हणून नेहमी कानावर येणारे काही गैरसमज आणि त्यांमागची वस्तुस्थिती इथे मांडली आहे.

गैरसमज 1 : लाओस म्हणजे थायलंडचाच छोटा कोपरा. एका दिवसात उरकते.

वस्तुस्थिती : लाओसचे क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 37 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन चतुर्थांशाहून थोडे अधिक. लोकसंख्या मात्र 75 लाखांच्या आसपास, आपल्या एका पुणे जिल्ह्याहूनही कमी. आग्नेय आशियात समुद्रकिनारा नसलेला हा एकमेव देश. फा न्गुम या राजाने 1353 साली लान सांग राज्य उभे केले, तेव्हा त्याची राजधानी लुआंग प्रबांगला होती. 1560 मध्ये राजा सेट्ठाथिराट याने राजधानी व्हिएंतियानला हलवली, तरी राजघराण्याचा या शहराशी असलेला संबंध टिकला. 1893 पासून फ्रेंचांचे संरक्षित राज्य आणि 1975 मध्ये राजेशाहीचा शेवट, हा सगळा प्रवास या गावाने पाहिला.

एका दिवसात राजवाडा आणि कुआंग सी धबधबा पाहून होतात. पण पहाटेचा बाजार, दुपारी विहाराच्या अंगणात शिकणारे श्रामणेर (नवशिके भिक्षू), संध्याकाळी नदीकाठची शेती आणि पलीकडच्या तीरावरची विणकरांची गावे त्यात बसत नाहीत. समाधान घेऊन परतणारे प्रवासी बहुतेक तीन-चार रात्री राहिलेले असतात.

गैरसमज 2 : इथले सगळे काही हजार वर्षे जुने आहे.

वस्तुस्थिती : 1887 साली उत्तरेकडून आलेल्या टोळ्यांनी शहर लुटले आणि जाळले. आज दिसणाऱ्या बहुतेक इमारती त्यानंतरच्या आहेत. फ्रेंच काळात विटांची, चुन्याच्या गिलाव्याची घरे उभी राहिली आणि बांधकामासाठी व्हिएतनामी कारागीर आणले गेले. राजवाड्याचे बांधकामही 1904 मध्ये सुरू झाले. 1975 नंतर तिथे संग्रहालय झाले. युनेस्कोने गौरव केला तो याच मिश्रणाचा. लाओ लाकडी घर, विहाराचे जमिनीकडे झुकत आलेले छप्पर आणि युरोपीय धाटणीची दुमजली दुकाने एकाच गल्लीत शेजारी नांदतात.

खरोखर जुने पाहायचे तर वाट सिएंग थाँग या विहारात जावे. सेट्ठाथिराटने तो 1560 च्या सुमारास बांधला. त्याच्या मागच्या भिंतीवर रंगीत काचांच्या तुकड्यांनी जडवलेले जीवनवृक्षाचे चित्र आहे. ज्या मूर्तीवरून शहराला नाव मिळाले ती फ्रा बांग ही 83 सेंटीमीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती राजवाड्याच्या आवारातील मंदिरात आहे.

गैरसमज 3 : पहाटेचे भिक्षादान हा पर्यटकांसाठी ठेवलेला कार्यक्रम आहे.

वस्तुस्थिती : लुआंग प्रबांगबद्दलचा सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास भिक्षू आणि श्रामणेर अनवाणी रांगेने निघतात आणि गावकरी त्यांच्या पात्रात चिकट भाताचा घास ठेवतात. या विधीला 'तक बात' म्हणतात. इथल्या थेरवादी बौद्ध परंपरेतला भिक्षू दुपारनंतर जेवत नाही आणि स्वतः स्वयंपाकही करत नाही. त्यामुळे ही भिक्षा त्याच्या रोजच्या जेवणाचा आधार असते. देणाऱ्यासाठी ते पुण्यकर्म असते. पुष्कळ श्रामणेर डोंगरातल्या गरीब खेड्यांतून शिक्षणासाठी आलेली मुले असतात. पात्रात जास्त झालेला भात ती रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या गरजू मुलांना देतात. आपल्याकडच्या माधुकरीसारखी ही रीत समाजाला बांधून ठेवते.

मुख्य रस्त्यावर मात्र वेगळे चित्र दिसते. फ्लॅशचा झगमगाट, भिक्षूंच्या तोंडाजवळ नेलेले मोबाइल आणि विक्रेत्यांकडून घाईत घेतलेला भात. यावर शहरात सूचनाफलक लावलेले आहेत आणि त्यातले नियम पाळायला सोपे आहेत. पाहायचे असेल तर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, गप्प राहून पाहावे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. फ्लॅश वापरू नये, रांगेची वाट अडवू नये. श्रद्धेने दान करायचे असेल तरच करावे. ताजा भात आदल्या दिवशी राहत्या जागी सांगून ठेवावा आणि देताना चप्पल काढून, भिक्षूपेक्षा खाली बसावे. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये.

महाराष्ट्रात 1956 च्या धम्मदीक्षेनंतर लाखो घरांत जे पाली त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते, तेच इथल्या विहारांतही पालीतून म्हटले जाते. मराठी प्रवाशाला या शहराशी जोडणारा हा खरा धागा आहे. तो ओळखणाऱ्याला शांत राहा असे सांगावे लागत नाही.

गैरसमज 4 : बौद्ध देश आहे, म्हणजे शाकाहारी जेवण सहज मिळेल.

वस्तुस्थिती : थेरवादी परंपरेत मांसाहार निषिद्ध नाही. भिक्षूने पात्रात पडेल ते खावे. प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला तरच ते मांस नाकारावे, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. सर्व भिक्षूंना शाकाहार सक्तीचा करावा ही देवदत्त या भिक्षूची मागणी बुद्धांनी मान्य केली नव्हती, अशी नोंद विनयपिटकात आहे.

लाओ स्वयंपाकाचा पाया पादेक, म्हणजे मुरवलेल्या माशांचे दाट कालवण, आणि नाम पा हा माशांचा पातळ अर्क. भाजीच्या डिशमध्येही यातले काहीतरी असतेच. जेओ बोंग या प्रसिद्ध मिरचीच्या चटणीत म्हशीची वाळवलेली कातडी घालतात. त्यामुळे 'भाजी द्या' एवढे सांगून भागत नाही. 'बो साय पादेक, बो साय नाम पा', म्हणजे या दोन्ही वस्तू घालू नका, असे स्पष्ट सांगावे. बांबूच्या टोपलीत येणारा चिकट भात, ताजी फळे, भाजलेली वांगी आणि नदीतले शेवाळ वाळवून, तीळ लावून तळलेले काइ पेन हे मात्र शाकाहारी माणसाने जरूर चाखावे. काइ पेनसोबत जेओ बोंग वाढतात, तेवढी वाटी बाजूला ठेवावी.

गैरसमज 5 : मुलांच्या सुट्टीत, एप्रिल-मे महिन्यांत जाणे उत्तम.

वस्तुस्थिती : मार्च-एप्रिलमध्ये डोंगरउतारावरची शेते पेरणीसाठी जाळतात. त्या धुराने फूसी टेकडीवरून नदीसुद्धा धूसर दिसते आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. मेपासून पाऊस सुरू होतो. कुआंग सी धबधब्याचा निळा-हिरवा रंग पाण्यातल्या चुन्यामुळे येतो. विरघळलेला चुना खडकांवर थर धरतो आणि त्यातून पायऱ्यांसारखी कुंडे तयार होतात. पावसाळ्यात मात्र हेच पाणी गढूळ तपकिरी होते. फोटो पाहून ऑगस्टमध्ये गेलेले प्रवासी म्हणूनच हिरमुसतात.

नाम खानवरचे बांबूचे पूल दर वर्षी नदी उतरल्यावर बांधतात आणि पावसाळ्यापूर्वी काढून घेतात. ते पार करायचे असतील, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पहाटे थंडी असते, स्वेटर हवा. एप्रिलच्या मध्यात जायचेच असेल, तर ते लाओ नववर्षासाठी जावे. सूर्याच्या मेष संक्रमणावर आधारलेल्या या सणात फ्रा बांग मूर्तीची मिरवणूक वाट माई विहारात जाते आणि लोक तिला सुगंधी पाण्याने स्नान घालतात.

गैरसमज 6 : तिथे पोहोचणेच अवघड आहे.

वस्तुस्थिती : पूर्वी ते खरे होते. व्हिएंतियानहून घाटातल्या रस्त्याने बसचा अख्खा दिवस जाई. डिसेंबर 2021 मध्ये लाओस-चीन रेल्वे सुरू झाली आणि तोच प्रवास सुमारे दोन तासांवर आला. एप्रिल 2023 पासून चीनमधल्या कुनमिंगहूनही प्रवासी गाड्या येतात. स्थानक शहराबाहेर आहे, तिथून व्हॅन मिळतात. तिकीट पासपोर्टवर निघते आणि आधी काढलेले बरे. सामानाची तपासणी कडक असते. डिओडोरंटचे स्प्रे आणि चाकू काढून घेतल्याचे अनेक प्रवासी सांगतात. भारतातून येणाऱ्यांना विमानाने बँकॉक किंवा हनोईमार्गे येता येते.

वेळ असेल तर थायलंडच्या सीमेवरील हुआय साय गावातून मेकाँगवरची संथ बोट घ्यावी. दोन दिवसांचा प्रवास आणि मधली रात्र पाकबेंगला. काठावरची खेडी, वाळूवरची भुईमुगाची शेते आणि जाळी टाकणारे कोळी पाहत येणारा माणूस शहरात शिरतो तो लाओसची थोडी ओळख घेऊनच.

गैरसमज 7 : तिथले रामायण म्हणजे आपलेच, नावे तेवढी वेगळी.

वस्तुस्थिती : राजवाड्याच्या नाट्यगृहात रामकथेचे नृत्य होते आणि वाट सिएंग थाँगमधील राजरथाच्या दालनाच्या सोनेरी दारांवर तिचे प्रसंग कोरलेले आहेत. पण 'फ्रा लाक फ्रा लाम' ही लाओ कथा स्वतंत्र आहे. लक्ष्मणाचे नाव रामाच्या आधी येते. घटना मेकाँगच्या काठी घडतात. सीता ही रावणाचीच मुलगी आहे आणि राम हा बुद्धांचा पूर्वजन्म मानला जातो. भारतातून गेलेली कथा तिथल्या लोकांनी आपल्या धर्मात आणि आपल्या नदीकाठी रुजवली. ती पाहताना आपली प्रत तपासून चुका काढण्यापेक्षा त्यांनी तिचे काय केले हे बघावे.

गैरसमज 8 : युद्ध कधीच संपले, आता आसपास कुठेही भटकावे.

वस्तुस्थिती : व्हिएतनाम युद्धादरम्यान, 1964 ते 1973 या काळात, अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत सुमारे 27 कोटी क्लस्टर बॉम्बगोळे होते आणि त्यांतले जवळपास 30 टक्के फुटलेच नाहीत. युद्धानंतरही त्यांनी वीस हजारांहून अधिक लोकांना मारले किंवा जायबंदी केले. बराक ओबामा 2016 मध्ये लाओसला आले, तेव्हा सफाईसाठी तीन वर्षांत 9 कोटी डॉलर देण्याचे त्यांनी जाहीर केले.

शहर, धबधबे, पाक ओऊच्या गुहा आणि रुळलेल्या वाटा सुरक्षित आहेत; तिथे घाबरण्याचे कारण नाही. डोंगरात ट्रेकला जाताना मात्र स्थानिक वाटाड्या घ्यावा, पायवाट सोडू नये आणि जमिनीवरची धातूची वस्तू उचलू नये. शहरात या विषयावरचे एक माहिती केंद्र आहे. तिथे घालवलेला एक तास हा देश समजून घ्यायला मदत करतो.

गैरसमज 9 : हत्तीवर बसणे ही इथली परंपराच आहे.

वस्तुस्थिती : लान सांग हे 'दहा लाख हत्तींचे' राज्य म्हणवले जाई. आज जंगलातले हत्ती काहीशेच उरले आहेत. पाळीव हत्ती लाकूड ओढण्याच्या कामातून पर्यटनात आले आणि पाठीवर लाकडी हौदा बांधून दिवसभर फेऱ्या मारणे त्यांना त्रासाचे असते. सवारी नसलेली, हत्तींना चरताना दुरून पाहू देणारी ठिकाणे आता इथे आहेत; तीच निवडावीत. कुआंग सीच्या वाटेवर 'फ्री द बेअर्स' संस्थेचे अस्वल बचाव केंद्र आहे. पित्तासाठी होणाऱ्या व्यापारातून सोडवलेली काळी अस्वले तिथे पाहायला मिळतात.

गैरसमज 10 : हे शहर काळाबाहेर आहे, ते असेच राहील.

वस्तुस्थिती : दक्षिणेकडचे 1,285 मेगावॅटचे सायाबुरी धरण 2019 मध्ये सुरू झाल्यापासून मेकाँगचा प्रवाह बदलला आहे. शहराच्या सुमारे 25 किलोमीटर वर 1,460 मेगावॅटच्या दुसऱ्या धरणाचे काम चालू आहे आणि युनेस्कोच्या वारसा समितीने त्याबद्दल चिंता व्यक्त केली आहे. जुन्या गावातल्या अनेक घरांची अतिथिगृहे झाली, रहिवासी बाहेर गेले. शेजारचे कुटुंब गेले की विहाराला भिक्षा देणारे हातही कमी होतात.

या गोष्टी पर्यटकाच्या हातात नाहीत, असे म्हणणे सोपे आहे. पण काही नक्कीच आहेत. रात्रबाजारात यंत्रावरचे कापड घेण्यापेक्षा बान सांग खाँगसारख्या गावात विणकराकडून थेट घ्यावे. कुटुंबाने चालवलेल्या घरात उतरावे, तिथेच जेवावे आणि दहा-वीस हजार किपसाठी (लाओसचे चलन) घासाघीस करताना लक्षात ठेवावे की एका डॉलरला वीस हजारांहून अधिक किप मिळतात. विहारात शिरताना चप्पल आणि आवाज दोन्ही बाहेर ठेवावेत.

लुआंग प्रबांग लहान आहे म्हणून त्यावर आपल्या वागण्याचा परिणाम लगेच दिसतो. तिथे जरूर जा, निदान तीन रात्री राहा आणि पाहुण्याच्या मर्यादेने वागा.